पंधरा रुपयांची अलिबाग सहल

(आपल्या १९८३च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात जानेवारी २०२४मध्ये केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेल्या एक-दोन गोष्टी इथे घातल्या आहेत.)



डिसेंबरात आम्ही सातजण एका दिवसात अलिबागला जाऊन आलो. त्याचे फोटो ग्रुपवर पडल्यावर दोन प्रकारचे प्रश्न आले. पहिला, "एवढ्या स्वस्तात कसं जमवलं?" आणि दुसरा, अर्थातच, "अलिबागहून आलायस का?" हा दुसरा प्रश्न लोकांना फार आवडतो. त्या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एक गृहस्थ उच्च न्यायालयात गेले होते आणि २०१९मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. तेव्हा विचारायला कायद्याची हरकत नाही. हो, अलिबागहूनच आलोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. उत्तर देतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

डिसेंबर १९८२. आपण दहावीत होतो. शाळेची सहल महाबळेश्वरला जाणार होती, दोन मुक्काम, वर्गणी एकशे दहा रुपये. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते आणि आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील त्यांत होते. माझे वडील साचाखात्यात. डिसेंबर उजाडेपर्यंत घरात अकरा महिने पगार आलेला नव्हता. कुणाचे वडील गावी शेतीवर गेले, कुणाची आई खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली, कुणी सकाळी पेपर टाकून शाळेत यायचं. हे सगळं एकमेकांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

सहलीची वर्गणी हजेरीच्या क्रमांकाने विचारली जायची. नंबर पुकारला की उभं राहून "येणार" किंवा "नाही" म्हणायचं, आणि "नाही" म्हटलं की कारण सांगायचं. कुणाची आजी आजारी होती. कुणाच्या मामाचं लग्न होतं. मी म्हणालो, "मला बस लागते." माझ्यानंतरच्या तिघाचौघांना ते कारण इतकं आवडलं की त्यांनाही बस लागायला लागली. एकाच वर्गात एकाच वर्षी एवढ्या मुलांना बस लागली, असं शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं असेल. एकूण अकराजण उरलो. आठ मुलगे, तीन मुली.

भूगोलाच्या सरांनी ती यादी पाहिली. सर समोर बसलेत, त्यांना हे आवडणार नाही, पण मी सांगणार. सरांनी आम्हाला मधल्या सुट्टीत भूगोलाच्या खोलीत बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "तुम्हाला बस लागते ना? मग आपण लाँचने जाऊ."

ठिकाण ठरलं अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटीने अलिबाग, आणि संध्याकाळी परत. खर्च माणशी पंधरा रुपये. मग सरांनी नकाशांच्या कपाटावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. त्याच्या झाकणाला चीर पाडलेली होती. म्हणाले, "आठवडाभर हा डबा इथे आहे. ज्याला जेवढे जमतील तेवढे टाका. एकेकट्याने यायचं, टाकायचं, जायचं. मला सांगायचं नाही आणि एकमेकांनाही सांगायचं नाही." मी आईने दिलेले पाच रुपये टाकले. पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "पैसे जमले. उद्या सकाळी सहाला धक्क्यावर."

तो रविवार एकादशीचा होता, हे मला दोन कारणांनी लक्षात आहे. एक म्हणजे अकरा डब्यांपैकी चार डब्यांत साबुदाण्याची खिचडी निघाली. दुसरं म्हणजे सरांनी लाँचवर आम्हाला शिकवलेलं गणित. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. एकादशी म्हणजे अकरा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की सव्वादोनला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, भरतीही त्याच्याबरोबर पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. आपल्या मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला ते लागू पडतं. दुसरीकडच्या किनाऱ्याच्या वेळा वेगळ्या. सर म्हणाले, "कुलाबा किल्ला समुद्रात आहे. नावेचे पैसे आपल्याकडे नाहीत. पण ओहोटीला चालत जाता येतं, आणि ओहोटी फुकट असते."

त्या दिवशी आम्ही चालत किल्ल्यात गेलो. नंतर वर्गात महाबळेश्वरचे फोटो फिरले तेव्हा आम्ही अकराजण भरतीची गणितं करत बसलो होतो आणि आम्हाला काहीही कमी वाटत नव्हतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा आहे, ती सांगतो.

२००८मध्ये आपला रौप्यमहोत्सवी मेळावा झाला. लोणावळ्याला, रिसॉर्टवर, एक मुक्काम. वर्गणी साडेतीन हजार. २०१८मध्ये कर्जतला, साडेपाच हजार. दोन्ही वेळेला आयोजक मी होतो, आकडा मी लिहिला होता, आणि खाली "कृपया पंधरा तारखेच्या आत रक्कम जमा करावी, जमा केलेल्यांची नावं ग्रुपवर टाकण्यात येतील" हेही मीच लिहिलं होतं. नावं रोज टाकत होतो. त्यामागे माझा हेतू वाईट नव्हता. लोकांना आठवण राहावी, एवढाच होता. आपला एक मित्र दोन्ही वेळेला आला नाही. मधल्या एका सहलीलाही आला नाही. तिन्ही वेळा त्याचं कारण एकच होतं: "गावी लग्न आहे." मी तिन्ही वेळा त्याची चेष्टा केली.

गेल्या वर्षी या मेळाव्याची बोलणी सुरू झाली. मी पुन्हा रिसॉर्टचे दर मागवले. तेव्हा आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा मला फोन आला. ती म्हणाली, "अरे, त्याच्या गावी दर वेळी आपल्याच कार्यक्रमाच्या दिवशी लग्न कसं निघतं, हा प्रश्न तुला कधी पडला नाही?" मी म्हणालो, "म्हणजे?" ती म्हणाली, "तुला बस लागायची ना?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. पंचवीस-तीस वर्षं बँकेत काढली, मुलं मार्गाला लागली, घराचे हप्ते संपले. या सगळ्यात मी हजेरीने वर्गणी विचारणाऱ्यांच्या बाजूला कधी जाऊन बसलो, मला कळलंसुद्धा नव्हतं. मित्रमैत्रिणींनो, त्याबद्दल मी इथे सगळ्यांसमोर माफी मागतो. ज्याच्याकडे मागायची होती त्याच्याकडे आधी मागितली आहे, आणि त्याची परवानगी घेऊनच हे सांगतोय.

तर त्या फोननंतर आम्ही ठरवलं की मेळाव्याआधी एक सहल करून बघू. लहान. शाळेच्या वाटेनेच. सरांना विचारलं, ते ताबडतोब तयार झाले. सर, सहा मित्रमैत्रिणी, तीन बायका आणि तीन पुरुष, असे आम्ही सात. आणि डबा. या वेळी तो मिठाईचा होता, पण चीर तशीच पाडली. तो मैत्रिणीच्या घरी ठेवला आणि ज्याने त्याने एकेकट्याने जाऊन पैसे टाकले. सरांनाही टाकायचे होते. त्यांना आम्ही चीर दाखवलीच नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे स्वस्तात कसं जमवायचं ते.

पहिली गोष्ट, सुट्टी बघून दिवस ठरवू नका, तिथी बघून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते आणि ओहोटीही चांगली खोल जाते, पण ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, एका दिवसात परतणाऱ्याला अवघड. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ सोयीची, पण ते भांगाचे दिवस; पाणी पुरतं हटत नाही. या दोन्हींच्या मधला दिवस बरा. आम्ही वद्य द्वादशीचा शनिवार धरला, ९ डिसेंबर. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी.

दुसरी गोष्ट, प्रवास. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी जलद आहेत, त्यांच्या तिकिटात पुढची बसही असते, घाई असेल तर जरूर जा. आम्हाला घाई नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच अजून सुटते. मासळीचा वास, लोकांची पोती-पाट्या, मागे लागलेले सीगल, सगळं तसंच आहे. एक लक्षात ठेवा, पावसाळ्यात गेटवे-मांडवा मार्गावरच्या या बोटी बंद असतात. रेवसहून एसटी. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. कंडक्टरने सरांचं कार्ड पाहिलं आणि त्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट दिलं. सर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे सहलीचा खर्च कमी झाला." ते तिकीट त्यांनी पाकिटात जपून ठेवलंय, मागून बघा.

तिसरी, जेवण. सकाळची न्याहारी घरून न्यायची, ती लाँचवर होते. दुपारी एकच जेवण, साध्या खानावळीत. बाजारपेठेतल्या खानावळीत स्थानिक लोक जेवत असतात तिथे जा, समुद्राकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या ठिकाणी दृश्याचेही पैसे द्यावे लागतात. सुरमईच्या आग्रहाला बळी पडू नका. आम्ही बोंबील आणि भाजीच्या थाळ्या अर्ध्या-अर्ध्या केल्या.

चौथी, पायी चाला. अलिबाग गाव लहान आहे. स्थानकापासून कान्होजी आंग्र्यांची समाधी, तिथून किनारा, हे सगळं चालत होतं. वाटेत सरांनी आम्हाला चुंबकीय वेधशाळेसमोर थांबवलं, १९८२मध्ये थांबवलं होतं तसंच. आत जायचं नव्हतं, गोष्ट सांगायची होती. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापनं बिघडतील, म्हणून १९०४मध्ये ती अलिबागला आणली. नाजूक उपकरणांच्या इमारतीत लोखंड टाळलेलं आहे. सर म्हणाले, "बारीक गोष्ट मोजायची असेल तर आजूबाजूचा गोंगाट कमी करावा लागतो." सर भूगोलाविषयीच बोलत होते. मी मात्र दुसराच विचार करत होतो.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, संख्या. सात-आठ माणसांपेक्षा जास्त नकोत. सातजण खानावळीत दोन टेबलं जोडून बसतात, एसटीत जवळजवळ जागा मिळते, आगाऊ आरक्षण लागत नाही, आयोजक लागत नाही. आणि सातजणांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. चाळीसजणांच्या मेळाव्यात माणूस हसतो, हात हलवतो आणि घरी जातो.

सव्वादोनला आम्ही किनाऱ्यावर होतो. सरांना घोडागाडीत बसवलं, सोबत एक मैत्रीण बसली. एवढी एकच चैन. बाकीचे चालत निघालो. पाणी पूर्ण हटलेलं नव्हतं, मधल्या पट्ट्यात गुडघ्याला लागत होतं. शिरण्याआधी तिथल्या माणसांना विचारून घेतलं होतं, ते तुम्हीही कराच. पाऊणपट गणित चुकत नाही, पण समुद्राला आपलं गणित ठाऊक नसतं.

कुलाबा किल्ल्याविषयी थोडंसं. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये त्याचं बांधकाम सुरू करवलं, संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तो आपल्या आरमाराचं मुख्य ठाणं केला. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले, आणि हात हलवत परतले. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, चहूकडे खारं पाणी असताना. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि निघून जातं, त्यामुळे तिचा जोर मोडतो. १९८२मध्ये हे सरांनी सांगितलं होतं तेव्हा आम्ही फटींत बोटं घालून पाहिली होती. या वेळीही घातली. बोटं जाडी झाली आहेत.

तटाच्या सावलीत बसलो होतो. चहाची थर्मासची पाळी चालली होती. कुणीतरी जुन्या डब्याचा विषय काढला आणि जो तो त्या वेळी आपण किती टाकले ते सांगायला लागला. कुणी आठ, कुणी सहा, मी पाच. मग आपला तो मित्र, ज्याच्या गावी लग्नं निघायची, तो सरांकडे न बघता म्हणाला, "मी काहीच टाकलं नव्हतं. खोलीत गेलो, कपाटापाशी उभा राहिलो आणि परत आलो. सहलीला मात्र आलो. सर, एकेचाळीस वर्षं झाली, मला ते सांगायचं होतं."

कुणी काही बोललं नाही. सरांनी चहा संपवला आणि म्हणाले, "डबा त्याचसाठी होता."

मी विचारलं, "सर, मग पैसे कमी पडले असतील ना?"

सर म्हणाले, "तुम्ही अलिबागला जाऊन आलात ना? मग पुरले."

बस, एवढंच. मग घोडागाडीवाल्याने हाक मारली, पाणी चढायला लागायच्या आत आम्ही निघालो, साडेचारची एसटी मिळाली आणि शेवटच्या लाँचच्या आधीच्या लाँचने परतलो. लाँचवर तो मित्र दीड तास बोलत होता. शाळेत असतानाही एवढं बोलला नसेल. त्याने आपल्या मुलीविषयी सांगितलं, बंद पडलेल्या नोकरीविषयी सांगितलं, आणि २००८च्या मेळाव्याच्या दिवशी तो खरं तर लोणावळ्याच्या गाडीच्या वेळेला दादर स्टेशनवर येऊन उभा होता हेही सांगितलं. आम्हाला लांबून बघून परत गेला होता. मित्रांनो, मी त्या दिवशी त्याच फलाटावर यादी हातात घेऊन हजेरी घेत होतो.

आता हिशेब, कारण बँकवाल्याने हिशेब दिला नाही तर तुम्ही सोडणार नाही. सातजणांचा एकूण खर्च तीन हजार एकशे ऐंशी रुपये. म्हणजे माणशी साडेचारशेच्या आसपास. निम्म्याहून थोडे कमी प्रवासात गेले, बाकी जेवण, चहा, किल्ल्याचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट आणि सरांची घोडागाडी. डब्यात निघाले तीन हजार नऊशे. उरलेले सातशे वीस पुढच्या सहलीचे पहिले पैसे आहेत. कुणी किती टाकले ते मला माहीत नाही आणि कुणी मला सांगू नये.

आजचा मेळावा रिसॉर्टवर न होता आपल्या शाळेच्या सभागृहात होतोय, ते त्या सहलीमुळेच. मागच्या दाराशी टेबलावर मिठाईचा डबा ठेवलाय, तो सहलीवाला. काहीजणांनी त्यात बर्फी शोधली, असं ऐकतो. वर्गणी त्यात टाकायची होती आणि त्याची यादी कुणी ठेवलेली नाही. खर्च भागला की नाही असं विचाराल, तर तुम्ही सगळे आलात, जेवलात. म्हणजे पुरले.

माझी एकच विनंती आहे. दर वर्षी मोठा मेळावा नको. त्याऐवजी सात-आठजणांच्या तीन-चार लहान सहली निघू देत, ज्याला ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. आकडा ठरवताना वर्गातल्या सगळ्यात अडचणीत असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवायचं, आणि तो माणूस कोण हे शोधायला जायचं नाही. पुढची सहल केळव्याला करावी असं चाललंय. केळवे रोडपर्यंत रेल्वे आहे, पुढे थोडंच अंतर. तिथी सर सांगणार आहेत.

त्यासाठी नावं द्यायची असतील तर माझ्याकडे द्या. हजेरी घेणार नाही. आणि कुणी म्हणालंच की गावी लग्न आहे, तर तारीख बदलू.